अनवाणी घोडा, खुराचा बूट आणि नालबंदाचा धंदा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी दात पाहून वय ठरवतो. मग अंगावरचे भोवरे पाहतो, रंग पाहतो, कान पाहतो, घोडा चालवून आणि पळवून पाहतो. खूर उचलून पाहायचे काम सर्वात शेवटी होते आणि पुष्कळदा होतच नाही. नालबंद मात्र नेमका उलट्या टोकापासून सुरुवात करतो. तो आधी पाय उचलतो, तळवा साफ करतो, अंगठ्याने दाबून पाहतो आणि मगच घोड्याच्या तोंडाकडे बघतो. खूर धड नसेल तर बाकीचा घोडा कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हे ज्ञान खानदेशात जुने आहे. मोगलकाळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर याच पट्ट्यातून जात असे. घोड्यांच्या वाटेवर नालबंद असायचाच. मराठा काळच्या कारभारात तर ‘नालबंदी’ हा शब्द स्वारांना घोडे तयार ठेवण्यासाठी आगाऊ द्यायच्या रकमेलाही लावला जाई. नालबंद हे आडनाव लावणारी कुटुंबे आपल्या समाजात आजही आहेत. हातात हातोडा मात्र त्यांतल्या थोड्यांच्याच राहिला आहे.

कारण उघड आहे. टांगे गेले, रिक्षा आल्या. बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, त्यामुळे बैलांच्या पत्री मारण्याचे कामही आटले. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि तिथल्या नालबंदांचे मोठे गिऱ्हाईक संपले. जळगाव-धुळ्याकडे आता काम उरले आहे ते मुख्यतः वरातीच्या घोड्यांचे, यात्रेत विकायच्या घोड्यांचे, शेतावर हौसेने घोडा पाळणाऱ्यांचे आणि थोड्याफार गाडीच्या घोड्यांचे.

अशा वेळी बाजारात घोड्याचे बूट आले आहेत. मोबाइलवर ते पाहून हौशी मालक परदेशी बूट मागवतात. बूट येतात, बसत नाहीत, टाच सोलवटते किंवा पहिल्याच फेरीत बूट निघून पडतो. मग मालक बुटाला नावे ठेवतो. इकडे नालबंदाला वाटते की हा बूट आपल्या पोटावर पाय द्यायला आला. दोघांचीही समजूत चुकीची आहे. बूट नीट तासलेल्या खुरावरच बसतो आणि खूर तासण्याचे हुन्नर नालबंदाकडे आहे. म्हणून हा धंदा खरे तर त्याचाच आहे. मात्र त्यासाठी माप घ्यायला, बूट बसवायला आणि नको तिथे नको म्हणायला शिकले पाहिजे.

बूट ही नवी गोष्ट नव्हे

खुरावर बाहेरून चढवायचे आणि काम संपल्यावर काढून ठेवायचे पायताण ही कल्पना फार जुनी आहे. रोमन लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घोड्याच्या खुराला लोखंडी तळाची चप्पल पट्ट्यांनी किंवा दोरीने बांधत. खिळ्यांनी ठोकायचा नाल युरोपात सर्रास झाला तो त्यानंतर अनेक शतकांनी. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्यांवर लिहिताना त्यांना गोल दगडांच्या फरशीवर उभे करून खूर कठीण करण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे बिननाली घोडा आणि त्याचे खूर टणक ठेवण्याची युक्ती ही दोन्ही जुनीच आहेत.

आजचा बूट अमेरिकेत १९७० च्या दशकात पुढे आला. सुरुवातीला तो मोटारीच्या जादा चाकासारखा वापरात होता. रानात दूर गेल्यावर नाल पडला, तर तेवढ्यापुरता बूट चढवून घरी यायचे. पुढे लांब पल्ल्याच्या स्पर्धांत तो कायमचा आला. कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणारी टेव्हिस कप ही शंभर मैलांची एका दिवसाची डोंगरातली दौड बूट घातलेल्या घोड्यांनी जिंकलेली आहे. तेव्हा बूट म्हणजे केवळ हौशी लोकांचे खेळणे आहे, असे म्हणता येणार नाही.

बुटाचे मुख्य भाग तीन. खाली रबराचा किंवा पॉलियुरेथेनसारख्या चिवट प्लास्टिकचा तळ. त्याला जोडून खुराच्या भिंतीला घट्ट धरणारे कवच. मागे टाचेवरून किंवा खुराच्या वरच्या भागावरून, ज्याला आपल्याकडे गामची म्हणतात, जाणारा पट्टा. काही बुटांना तारेचा ताण असतो, काहींना वेल्क्रो, काहींना नुसती बटणे. किंमत परदेशात जोडीला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर. वाहतूक आणि आयातकर वेगळा.

नाल काय देतो, काय घेतो

बूट विकण्यासाठी नालाची निंदा करण्याची गरज नाही. खूर जितका झिजतो त्यापेक्षा कमी वाढत असेल, तर त्याला आधार हवाच. रोज डांबरावर गाडी ओढणाऱ्या घोड्याचे नालावाचून भागत नाही, आणि चांगल्या हाताने ठोकलेला नाल घोड्याला वर्षानुवर्षे त्रास देत नाही.

पण खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे. घोडा वजन टाकतो तेव्हा खुराचा मागचा भाग किंचित पसरतो आणि वजन उचलले की पुन्हा आवळतो. तळव्याच्या मध्यभागी जी तिकोनी, रबरासारखी पुतली असते, ती जमिनीला टेकून धक्का सोसते. या हालचालीने खुरातले रक्त फिरायला मदत होते. लोखंड ठोकले की हे पसरणे काही अंशी अडते आणि पुतली जमिनीपासून उचलली जाते. खिळ्यांच्या भोकांनी भिंत कमकुवत होते. अर्धवट शिकलेल्या हाताने खिळा आत गेला, तर घोडा त्याच दिवशी लंगडतो.

शिवाय आजचा रस्ता पूर्वीचा राहिला नाही. गावोगाव सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक झाले. त्यावर गुळगुळीत झिजलेला लोखंडी नाल घसरतो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने घोड्यांवर शेकडो घरे चालतात. तिथे रस्त्यावर ब्लॉक बसवल्यावर घोडे घसरू लागल्याची तक्रार घोडेवाल्यांनी केली आणि ब्लॉकचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुळगुळीत सिमेंटवर रबरी तळाची पकड लोखंडापेक्षा चांगली असते. उलट ओल्या गवतावर आणि चिखलात बूटही घसरतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

कोणत्या घोड्याला बूट योग्य

चार प्रकारच्या घोड्यांना बुटाचा खरा उपयोग आहे. पहिला, जो एरवी शेतात किंवा तबेल्यात बिननाली राहतो आणि अधूनमधून पक्क्या रस्त्यावर जातो. हौसेचा घोडा आणि पुष्कळ वेळा वरातीची घोडी यांत येते. दुसरा, ज्याचा नाल नुकताच काढला आहे आणि तळवा अजून हळवा आहे. तिसरा, ज्याच्या खुराची भिंत खिळ्यांनी इतकी फुटली आहे की नवा खिळा मारायला जागाच नाही. चौथा, ज्याच्या खुरात गळू झाले आहे किंवा तळव्याला जखम आहे. अशा घोड्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधपट्टीवर बूट चढवता येतो.

कोणाला देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रोज पाच-सहा तास गाडीला जुंपलेल्या घोड्याला बूट महाग पडतो आणि घामाने कातडीही सोलवटते. वरातीत वाजंत्रीच्या तालावर नाचवल्या जाणाऱ्या घोडीचे पाय जागेवर पिळले जातात. त्या पिळाने बूट फिरतो आणि घोडी पडण्याचा धोका असतो. अशा घोडीसाठी बूट मागणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. खूर गरम लागत असेल, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे झुकून उभा राहत असेल, तर तो लॅमिनायटिस असू शकतो. तिथे बूट विकायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवायचा.

माप : इथेच घोडे पेंड खाते

नव्वद टक्के भांडणे मापात असतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मालक नाल पाहून किंवा डोळ्याने अंदाज करून बूट मागवतो. मापाचे नियम सोपे आहेत, पण एकही गाळून चालत नाही.

१. आधी खूर तासा, मग माप घ्या. पाच-सहा आठवडे न तासलेल्या खुराचे माप घेतले तर तासल्यावर बूट सैल होतो. तासल्यापासून दोन-तीन दिवसांत माप घ्यावे.

२. दोन मापे लागतात, रुंदी आणि लांबी. रुंदी म्हणजे तळव्याच्या सर्वात रुंद जागी भिंतीच्या एका बाहेरील कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. लांबी म्हणजे पुढच्या टोकापासून टाचेची भिंत जिथे मागे वळते त्या रेषेपर्यंत. मागचे मऊ उंचवटे लांबीत धरायचे नाहीत. बहुतेकांची चूक इथेच होते आणि बूट एक माप मोठा येतो.

३. माप मिलिमीटरमध्ये घ्या. शिंप्याची फीत खुराच्या गोलाईवर वाकते म्हणून ताठ पट्टी वापरा. तीन-चार मिलिमीटरचा फरकही बूट बदलायला पुरेसा होतो.

४. चारही खूर वेगळे मोजा. पुढचे खूर गोल असतात, मागचे अरुंद आणि लांबट. एकाच घोड्याचा डावा आणि उजवा पायही पुष्कळदा सारखा नसतो.

५. खुराचा आकार पाहा. रुंदीपेक्षा लांबी बरीच जास्त असेल तर गोल साच्याचा बूट दोन्ही बाजूंना सैल राहील. पुढे भिंत बाहेर पसरलेली असेल, तर आधी दोन-तीन वेळा तासून खूर ठाकठीक करावा आणि मगच बूट घ्यावा.

प्रत्येक कंपनीचा मापाचा तक्ता वेगळा असतो. एका कंपनीचा पाच नंबर दुसऱ्या कंपनीचा पाच नंबर असेलच असे नाही. म्हणून नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा.

घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे पुष्कळ घोड्यांचे काम पुढच्या दोन बुटांवरच भागते. चार बुटांचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याआधी पुढचे दोन घालून पाहायला सांगावे. गिऱ्हाईक पुन्हा येते ते अशा सल्ल्याने.

बसवून पाहणे

बूट चढवायला थोडा जोर लागला पाहिजे. रबरी मोगरीने दोन हलके ठोके मारून तो आत सरकतो. हाताने सहज घुसला तर तो मोठा आहे, मोगरीनेही पुढे जात नसेल तर लहान. बूट चढल्यावर पाय उचलून दोन्ही हातांनी तो डावीकडे-उजवीकडे पिळून पाहा. खुरापासून वेगळा फिरता कामा नये. खुराचे टोक बुटाच्या पुढच्या कडेला टेकलेले असावे. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावे. केस आणि खूर यांच्या सांध्याच्या रेषेवर बुटाची कडा चढलेली नसावी. ती चढली तर पहिल्याच दिवशी जखम होईल.

मग घोड्याला सपाट जमिनीवर हाताने चालवा, वळवा, थोडे दुडकवा. पहिल्या काही पावलांत तो पाय उंच उचलतो. नव्या चपलेत माणूसही तसाच चालतो. पण पाच मिनिटांनंतरही चाल अडखळत असेल तर बूट काढा.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरे. काढल्यावर टाचेचे मऊ उंचवटे आणि गामचीवरचे केस नीट पाहा. केस उलटे झाले किंवा जागा लाल दिसली, तर पट्टा सैल-घट्ट करून पाहा. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवा. नवे बूट घालून थेट वरातीत नेणे म्हणजे त्या संध्याकाळची मजुरी आणि घोडी दोन्ही पणाला लावणे आहे.

रोजची निगा

बूट चोवीस तास पायात ठेवायचा नसतो. काम झाले की काढायचा, आतली वाळू आणि खडे झाडायचे, पाण्याने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. ओल्या बंद बुटात पुतली कुजते, घाण वास येतो आणि काळे पाणी सुटते. परदेशी पुस्तकांत त्याला थ्रश म्हणतात. आपले नालबंद वासावरूनच तो ओळखतात. पायातून बूट काढल्यावर खूर खरवडून हवा लागू द्यावी. एका घोड्याचा बूट दुसऱ्याला घालायचा झाला, तर तो धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घालू नये.

खूर महिन्याला साधारण आठ-नऊ मिलिमीटर वाढतो. त्यामुळे बूट असला तरी दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाचा हात लागलाच पाहिजे. खूर वाढला की बूट आखूड पडतो, टाच चेपते आणि भिंत फुटते. बूट घेतला म्हणून नालबंदाला सुट्टी दिली, अशी चूक करणाऱ्या मालकाचा बूटही वाया जातो आणि खूरही.

खानदेशच्या ऋतूंप्रमाणे वेळ साधा

नाल काढून घोडा बिननाली करायचा असेल, तर वेळ निवडण्यात अर्धे यश आहे. नाल काढल्यावर तळवा हळवा असतो. घोडा दगडावर पाय जपून टाकतो. काही घोड्यांना काही आठवडे लागतात, काहींना काही महिने. ऐन लग्नसराईत, फाल्गुन-चैत्रात, नाल काढला तर घोडी रस्त्यावर अवघडून चालणार आणि मालक नालबंदाला बोल लावणार.

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत हिंदू लग्ने बंद असतात. हे चार महिने वरातीच्या घोडीची सुट्टी असते. चार महिन्यांत खुराची भिंत तीन ते साडेतीन सेंटिमीटर उतरते, म्हणजे टोकाजवळची खिळ्यांनी फुटलेली पट्टी तासण्यात निघून जाते. पूर्ण खूर नवा व्हायला नऊ ते बारा महिने लागतात, पण बुटाला धरण्यापुरती धड भिंत या सुट्टीत मिळू शकते. नाल आषाढात काढावा, चार-पाच आठवड्यांनी तासत राहावे आणि कार्तिकात बूट घालून सराव सुरू करावा.

अडचण एकच, ही सुट्टी पावसाळ्यात येते. खानदेशची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि सतत ओला राहिलेला खूर मऊ पडतो. म्हणून घोडा बांधायची जागा उंच, मुरूम किंवा बारीक गोट्यांची असावी. गोट्यांवर उभे राहून खूर टणकही होतो. झेनोफनचा सल्ला इथे उपयोगी पडतो.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापते. तापलेल्या रस्त्यापासून रबरी तळ काही प्रमाणात वाचवतो, पण बुटाच्या भरवशावर भर दुपारी घोडा काढू नये. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्राचे नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत अशा जनावराला कामाला जुंपण्यास त्यांत मनाई आहे. बूट असला तरी नियम बदलत नाही.

हिशेब मांडून पाहू

आता धंद्याची गोष्ट. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. समजा चारही पायांच्या नालबंदीला ८०० रुपये पडतात आणि दर सहा आठवड्यांनी फेरा होतो. वर्षाला आठ-नऊ फेरे, म्हणजे ६,४०० ते ७,२०० रुपये. दुसरीकडे बिननाली घोड्याच्या तासणीचे ३०० रुपये आणि वर्षाला दहा फेरे, म्हणजे ३,००० रुपये. त्यावर पुढच्या पायांची १५,००० रुपयांची एक जोडी दोन वर्षे चालली, तर वर्षाचे ७,५००. एकूण १०,५००.

म्हणजे नुसता पैसा पाहिला तर परदेशी बूट महागच आहे. हे लपवून विकू नये. बूट परवडतो तो ज्याचा घोडा महिन्यातून काही दिवसच रस्त्यावर जातो, त्याची जोडी जास्त वर्षे टिकते म्हणून, किंवा ज्याच्या घोड्याला नाल सोसतच नाही, त्याच्या नाइलाजापोटी.

नालबंदाला मात्र दुसरा मार्ग आहे, बूट भाड्याने देण्याचा. आपल्या गिऱ्हाइकांच्या घोड्यांची मापे वहीत असतील, तर त्यातली सर्वात जास्त लागणारी चार मापे ठेवता येतील. चार जोड्यांचे भांडवल साठ हजार. वरातीच्या एका संध्याकाळचे भाडे २०० रुपये धरले तर भांडवल सुटायला ३०० संध्याकाळी लागतात, म्हणजे जोडीमागे ७५. लग्नतिथी पाहता हे एका हंगामाचे काम नाही, दोन हंगाम धरावेत. शिवाय पट्टे, तारा आणि वेल्क्रो यांची दुरुस्ती आली. त्यामुळे एकदम चार जोड्या घेऊ नयेत. एकीपासून सुरुवात करावी, ती चालली तर दुसरी.

विक्री करणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. बुटाबरोबर तासलेल्या खुराच्या मापाची चिठ्ठी द्यावी. त्यावर तारीख असावी, म्हणजे दोन महिन्यांनी ‘बूट लहान झाला’ असे म्हणणाऱ्याला खूर वाढला हे दाखवता येते. वापरलेला बूट परत घेतला जाणार नाही, हे पैसे घेण्याआधी तोंडी आणि लेखी सांगावे. आणि उधारी टाळावी. बुटाची नोंद घोड्याच्या नावावर होते, पण घोडा यात्रेत विकला गेला की उधारीही त्याच्याबरोबर जाते.

इथेच बनवता येईल का

हा प्रश्न चर्मकामातल्या कारागिरांसाठी आहे. टायरचा तळ चपलेला लावण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. शिलाई आहे, कातडी आहे, रबर आहे. मग पंधरा हजारांची वस्तू तीन-चार हजारांत का होऊ नये? होऊ शकेल, पण नुसता जाड कातड्याचा खोळा शिवून ते होणार नाही.

पहिली गोष्ट साचा. माणसाच्या जोड्याला जसा फर्मा लागतो तसा इथे खुराचा फर्मा हवा. तासलेल्या खुरावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी गुंडाळून, ती घट्ट झाल्यावर काढून, आतून खुराची नक्कल भरता येते. दुसरी गोष्ट तळ. तो पुढच्या टोकाला किंचित वर घासलेला हवा, नाहीतर घोडा ठेचकाळतो. तळ फार जाड किंवा फार कडक नसावा, टाच पसरायला वाव हवा. टायरचा रबर घेताना पोलादी तारा असलेला तुकडा कधीही वापरू नये. झिजल्यावर तार वर येते आणि खुरात घुसते. तिसरी गोष्ट पट्टा. कच्च्या कातड्याचा पट्टा घामाने कडक होऊन कापतो. टाचेकडे मऊ अस्तर हवेच.

पहिला नमुना आजारी, नाल न सोसणाऱ्या आणि तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्यासाठी करावा, तोही पशुवैद्याला दाखवून. तिथे चूक झाली तर हात पुरतो. धावत्या घोड्यावर पहिला नमुना घालणे धोक्याचे आहे. बूट शिवणारा आणि खूर तासणारा हे दोघे एका बाकावर बसले तरच वस्तू नीट होईल. दोन्ही हुन्नर जळगाव-धुळ्यात आहेत, फक्त दोघांची दुकाने वेगळ्या गल्ल्यांत आहेत.

शिकण्याची सोयही अगदीच नाही असे नाही. १९३४ साली डोरोथी ब्रुक यांनी कैरोत कष्टकरी घोड्यांसाठी जे काम सुरू केले, त्यातून वाढलेली ब्रुक ही संस्था भारतातही काम करते आणि नालबंदांना खूर तासण्याचे शास्त्र शिकवते. सैन्याच्या मेरठ येथील रिमाउंट व्हेटरिनरी केंद्रात घोड्यांचे खूर आणि नालबंदी हा शिक्षणाचा रीतसर भाग आहे. ज्या घरात मुलगा या धंद्यात राहू इच्छितो, त्याने वडिलांचा हात आणि हे शास्त्र या दोन्हींची सांगड घालावी.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास भरते. तापीकाठचे हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशापर्यंतचे घोडे तिथे येतात. बुटाचा धंदा करू पाहणाऱ्याने तिथे आधी दुकान मांडू नये. एक ताठ पट्टी, एक कानस आणि एक वही घेऊन जावे. शंभर घोड्यांचे खूर मोजावेत, रुंदी आणि लांबी लिहून काढावी, जात आणि वय लिहावे. कोणती मापे सर्वात जास्त येतात हे त्या वहीतून कळेल. परदेशी कंपनीचा तक्ता परदेशी घोड्यांवरून बनला आहे. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या खुरांचा तक्ता आपल्या नालबंदाने बनवला, तर बूट विकणारा उद्या त्याच्याच दारात माप विचारायला येईल.